प्रार्थनेत उघडे राहिलेले डोळे

मला गप्प बसवणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. माझ्या आईला नाही, शाळेतल्या बाईंना नाही आणि विल्सनला तर नाहीच नाही. विल्सन म्हणजे माझा नवरा. आमच्या चर्चच्या महिला मंडळात सगळ्या म्हणायच्या, सरोजला बोलतं करायला काही लागत नाही, गप्प करायला मात्र तोंडात केक कोंबावा लागतो. ते काम शेवटी एका साध्या तापाने केलं. ताप आला, पोट बिघडलं, दोन्ही बरं झालं, मी पुन्हा कामाला लागले आणि मग पायांपासून सुरू होऊन चेहऱ्यापर्यंत माझं एकेक अंग बंद पडत गेलं.

हे मी आता बसून, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. अक्षर अजून वेडंवाकडं येतं. लिहायचं कारण एवढंच, की तुमच्या ओळखीत कुठेतरी असं माणूस पडून असणार आणि त्याला भेटायला तुम्ही जाणार. खाटेवर पडलेल्याला तिथून काय दिसतं, हे त्या वेळी तो सांगू शकत नाही, आणि बरा झाला की त्याला ते आठवायचं नसतं. मला आठवतंय आणि तोंडही परत चालायला लागलंय, तर सांगून टाकते.

मशीन

नाताळ आटोपला होता. मी घरी ब्लाउज शिवते, आणि लग्नसराईची कामं येऊन पडली होती. शेजारच्या मंदाताईचा ब्लाउज मशीनवर होता. मंदाताई म्हणजे आमच्या मजल्यावरचं समोरचं दार. मूळची पिंपळगावकडची, नवरा तिकडेच कांद्याच्या व्यापारात, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. तिच्या ब्लाउजची बाही कधी तिच्या मनासारखी होत नाही. सैल झाली तर म्हणते घट्ट कर, घट्ट केली तर म्हणते हात वर जात नाय. त्या दिवशी एक बाही लावून झाली होती. दुसरी लावायला मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला, तर पाय ठेवलाय की नाही तेच मला कळेना. खाली वाकून बघितलं. ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे दुमडले. विल्सनने रिक्षात घातलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म. परत मारली. मग ते हातोडी खिशात ठेवून माझ्याशेजारी स्टूलवर बसले, आणि डॉक्टर बसले की काहीतरी वाईट असतं हे मला कळत होतं. ते म्हणाले, हा जीबीएस आहे. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. हे अजून वर चढेल, मग थांबेल, मग हळूहळू उतरेल. बहुतेक लोक बरे होतात, पण किती वेळ लागेल ते मी सांगू शकत नाही.

विल्सनने विचारलं, रविवारपर्यंत घरी सोडाल ना, हिचा संडे स्कूलचा वर्ग असतो. डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी विचारलं, वर म्हणजे कुठपर्यंत? त्यांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला, मग गळ्यावर, आणि मग चेहऱ्यावरून फिरवला.

नाकाच्या शेंड्याची खाज

आयसीयूचं मी फार सांगणार नाही. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, श्वास यंत्राचा होता. तिथे दिवे कधी मालवत नाहीत, त्यामुळे दिवस कुठला न् रात्र कुठली. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. हे लक्षात ठेवा. असं पडलेलं माणूस ऐकत असतं. माझ्या पायथ्याशी उभं राहून माझ्या एका नातेवाइकाने विल्सनला विचारलं होतं, आता काय ठरवलंयस? जणू मी एखादी विकायला काढलेली स्कूटर.

मरणाची भीती वाटलीच, ती मी नाकारत नाही. पण तिच्यापेक्षाही जास्त छळलं ते नाकाच्या शेंड्याच्या खाजेने. खाज सुटते. हात शेजारीच असतो, आपलाच असतो, पण तो उठत नाही. तुम्ही आतमध्ये ओरडता, शिव्या देता (मी दिल्या, देवाच्या सेवकांनी माफ करावं), आणि बाहेर काही म्हणजे काही होत नाही. खाज तिला वाटेल तेव्हा जाते. एकदा झाडू मारायला आलेल्या मावशीने जाता जाता माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात मागे घेताना तिची बोटं माझ्या नाकावरूनही फिरली. तिला ते माहीतही नाही. त्या बाईसाठी मी आजही प्रार्थना करते.

सगळ्यात शेवटी चेहरा गेला. हसणं गेलं, ओठ मिटणं गेलं, आणि डोळे मिटणं गेलं. पापण्या वर राहिल्या त्या राहिल्याच. नर्सने विल्सनला नीट शिकवलं: डोळे कोरडे पडले तर बुबुळाला जखम होईल. दिवसातून अनेकदा थेंब घालायचे, घातल्यावर बोटांनी पापण्या मिटून थोडा वेळ धरून ठेवायच्या, झोपताना कागदी पट्टी लावायची. थेंबांमुळे आणि सतत उघडे असल्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहायचं. म्हणजे मी रडले तरी कोणाला कळायचं नाही. ते आधीपासून वाहतच असायचं.

पुढच्या खोलीत

घरी आणलं तेव्हा द्राक्षांचा हंगाम चालू होता. भाड्याची खाट आतल्या दारातून जाईना, म्हणून मला पुढच्या खोलीत ठेवलं, मशीनच्या बाजूला. मशीनवर चादर टाकली होती आणि चादरीखाली मंदाताईचा एका बाहीचा ब्लाउज तसाच होता. गळ्याचं भोक बुजलं होतं. आवाज यायचा, पण नुसती फुसफुस. ओठच मिटत नसल्याने शब्द कुणाला लागायचे नाहीत. विल्सनला निम्मं कळायचं. डाव्या हाताची दोन बोटं हलत होती. एवढंच माझं चालू होतं.

विल्सन सातपूरला कारखान्यात आहे. शिल्लक होती नव्हती ती सगळी रजा दवाखान्यात संपली. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणून महिला मंडळाने पाळ्या लावल्या. हे आमच्याकडे फार छान करतात, मी स्वतः कित्येक वर्षं त्या पाळ्या लावल्या आहेत. कोणाच्या घरी आजारपण आलं की रोज एक बाई दुपारभर जाऊन बसणार, चमच्याने पातळ पेज-बिज भरवणार, कूस बदलणार, आणि मंगळवार-शुक्रवार सगळ्या मिळून प्रार्थनेला जाणार. मंडळाच्या प्रमुख एस्तेरबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, माणूस सोन्यासारखं.

मंदाताई कोणाच्याच पाळीत नव्हती. ती आमच्या चर्चची नाही, तिच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे. विल्सन पहिल्या शिफ्टला निघाला त्या सकाळी ती चहा घेऊन दारात आली आणि म्हणाली, किल्ली इकडं द्या भाऊ. कशाला ते विचारायला त्याला वेळच नव्हता. सकाळपासून पाळीची बाई येईपर्यंत, आणि ती बाई गेल्यावर पुन्हा थेंबांच्या वेळेला, मंदाताई येऊ लागली, त्यामुळे थेंब घालताना पाळीच्या बायकांनी कधी बघितलं नाही.

विल्सनने सांगितल्याप्रमाणे थेंब तिने लगेच घातले. पण डोळे मिटायची वेळ आली तेव्हा तिचा हात मागे आला. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. मग सांगितलं, सासऱ्यांचे डोळे तिनेच मिटले होते. म्हणाली, आमच्यात गेलेल्या माणसाचे मिटतात. जित्या माणसाच्या डोळ्यांवर असा हात ठेवायचा म्हणजे अंगावर काटा येतो बाई, मला नाय जमायचं. ती निघून गेली. मी छताकडे बघत पडून राहिले, आणि आता हिच्यानेही नाही जमलं तर डोळे जाणार, असं मला वाटायला लागलं. थोड्या वेळाने चपलांचा आवाज आला. ती परत आली होती. खाटेशी उभी राहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, दोन बोटं माझ्या पापण्यांवर ठेवली आणि म्हणाली,

"परत उघडायचे बरं का."

तेव्हापासून ती दर वेळी हे म्हणायची. म्हटल्याशिवाय बोटं टेकवायची नाही.

त्या थोड्या वेळात मी माझी प्रार्थना करायची. आमच्याकडे लहानपणापासून सवय असते, डोळे मिटल्याशिवाय देवाशी बोलल्यासारखं वाटत नाही. उघड्या डोळ्यांनी मी ज्याच्याशी बोलायचे तो देव नसायचा, तो पंखा असायचा. मंदाताईच्या बोटांखाली अंधार झाला की मला परत आत जाता यायचं. मी घोगऱ्या आवाजात जे काय असेल ते म्हणायचे आणि शेवटी आमेन. ती ते ऐकायची. दोन-चार दिवसांत तिला कळलं, आणि मग ती घड्याळ बघेनाशी झाली. माझं आमेन झालं की बोटं काढायची.

माझा चेहरा

आता मंगळवार-शुक्रवारचं सांगते. बायका आल्या की आधी पंखा बंद करायच्या, आवाज नीट ऐकू जावा म्हणून. मार्च-एप्रिलचं ऊन, खिडकीतून झळा, आणि मी पाठीवर. मग एक गीत, मग दुसरं गीत, मग प्रत्येकीची वेगळी प्रार्थना. एकीची संपते असं वाटलं की ती म्हणायची, "आणि प्रभू, आणखी एक विनंती." मी आत हसायचे. बाहेर चेहरा दगडाचा. एक माशी गालावरून डोळ्याच्या कडेपर्यंत चालत यायची, आणि अकरा-बारा बायका डोळे मिटून देवाला सांगत असायच्या की सरोजला आराम दे. अगं बायांनो, तो मागा नंतर, आधी माशी हाकला.

पण त्यांनी यावं असं मला वाटायचं. हे नीट सांगायला हवं. त्यांच्या साड्यांचे वास, कोणाच्या सुनेचं काय झालं, संडे स्कूलमध्ये पोरांनी काय घोळ घातला, हे सगळं मला श्वासाइतकं हवं होतं. मी आत बोलत असायचे सगळ्यांशी. ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती एक बाई, जी कोणी आलं तरी हसत नाही, गेलं तरी हसत नाही, आणि प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तरी स्वतः टक्क उघडे ठेवून छताकडे बघते.

मग पाळ्या चुकू लागल्या. आधी एकीला बरं नव्हतं. मग एकीकडे पाहुणे आले. मंगळवारची प्रार्थना बंद झाली, मग शुक्रवारची. ईस्टरला सकाळी कोणीतरी दारात केक ठेवून बेल न वाजवता गेलं. केक मंदाताईने आत आणला. मी दिवसभर जिन्यावरची पावलं ऐकायची. खालच्या मजल्याशी थांबली, वर गेली, पुढे गेली. आमच्या दारापाशी येऊन थांबेल अशी पावलं मंदाताईच्या चपलांचीच. असं कोंडल्यासारखं मला आयसीयूतही वाटलं नव्हतं. तिथे निदान शरीरानेच कोंडलं होतं.

मला वाटलं, कंटाळल्या. विल्सनलाही तेच वाटलं, पण तो मानी आहे, विचारायला गेला नाही. घरी आला की भांडी आपटायचा. एकदा न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून बराच वेळ आत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. दुपारभर मी एकटी असायची. एकदा सकाळी भरवलेली पेज उलटून घशात अडकली, ठसका लागला, तो समोरच्या दारात ऐकू गेला आणि मंदाताई धावत आली म्हणून वाचले. त्या दिवशी विल्सनने ठरवलं. इगतपुरीला त्याच्या भावाकडे मला पोचवायचं. भाऊ रेल्वेत, घर मोठं, जाऊबाई घरीच असते.

ती माणसं चांगलीच आहेत. पण तिथे फिजिओथेरपिस्ट रोज येणार नव्हता. इथे एक मुलगी येऊन माझी बोटं, मनगटं, टाच रोज हलवायची, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की हे थांबलं तर सांधे आखडतील, मग नसा परत आल्या तरी उपयोग नाही. विल्सनला हे माहीत होतं. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. नोकरी सोडली तर औषधं कशी आणायची? तो खाटेशी बसून मला हे सांगत होता आणि मी म्हणत होते, नको, मला नेऊ नको, हे घर नको सोडायला लावू. त्याने माझे डोळे पुसले आणि म्हणाला, आज पाणी फार येतंय. थेंब बदलून घेऊ का?

निरोपाची प्रार्थना

आमच्यात प्रार्थना केल्याशिवाय कोणाला गावाला पाठवत नाहीत. शनिवारी दुपारी सगळ्या आल्या. चर्चचे पाळकसाहेब आले. आतल्या खोलीत माझी बॅग भरलेली होती, रविवारच्या उपासनेनंतर गाडी यायची होती. पुढची खोली भरून गेली, काही बायका मशीनच्या बाजूला दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पंखा बंद झाला.

संडे स्कूलच्या वर्गात मी लहान मुलांकडून एक गोष्ट बसवून घ्यायची. वाटेत चोरांनी मारून अर्धमेला करून टाकलेला माणूस, जवळून निघून जाणारे दोघे आणि थांबणारा तिसरा, जो परक्या जातीचा असतो. पुठ्ठ्याचं गाढवही केलं होतं. गाढव व्हायला पोरं भांडायची. तिसरा व्हायला भांडायची. चोर व्हायलासुद्धा भांडायची. पडलेला माणूस व्हायला मात्र कोणी तयार नसायचं, कारण त्याला काहीच करायचं नसतं. ज्याला धरून झोपवावं तो पोरगा मध्येच एक डोळा उघडून बघायचा, कोण येतंय. मी ओरडायची, डोळे मीट रे, तू बेशुद्ध आहेस. त्या दुपारी पडल्या पडल्या मला तो पोरगा आठवला. बघणारच ना बिचारा. कोण येतंय आणि कोण निघून जातंय, एवढंच तर त्याच्या हातात असतं.

पाळकसाहेबांनी सुरुवात केली, मग एस्तेरबाई. त्यांचा आवाज त्या दिवशी खणखणीत नव्हता. त्या म्हणाल्या, हे प्रभू, आमच्या बहिणीच्या मनात आमच्याबद्दल राग असेल तर तो काढून टाक. आमची प्रार्थना तिला नको झाली, आमचं येणं तिला नको झालं, तिने आमच्याबरोबर डोळे मिटायचंही सोडलं. आमचं काही चुकलं असेल तर आम्हाला दाखव. आणि तिचं मन तुझ्याकडे परत वळव.

तेव्हा मला कळलं. या कंटाळल्या नव्हत्या. मला त्रास नको म्हणून यायच्या थांबल्या होत्या. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत, नाही आवडलं तर सरोज तोंडावर सांगते, आणि तोंड चालेना म्हणून डोळ्यांनी सांगतेय, असं त्यांनी धरलं होतं. मी ओरडले. खरंच सांगते, होता नव्हता तो सगळा जोर लावून ओरडले. घशातून घरघर झाली. एकीने डोळे न उघडताच माझ्या पायावर हात ठेवून थोपटलं.

मंदाताई थेंबांच्या वेळेला आली होती. खोली भरलेली बघून दाराशी चपला काढून थांबली होती. तिला आत यायचं की नाही ते कळत नसावं. एस्तेरबाईंची प्रार्थना तिने ऐकली. मी तिच्याकडे बघत होते, बघण्याशिवाय मला दुसरं येतच काय होतं. तिने पदर खोचला आणि डोळे मिटून उभ्या असलेल्या बायकांमधून वाट काढत आत आली. कोणाचा तरी पाय तुडवला गेला. तिच्या बांगड्या वाजल्या. एस्तेरबाई थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणून एकेकीचे डोळे उघडले.

सगळ्यांच्या देखत तिने माझ्या पापण्यांवर बोटं ठेवली.

"परत उघडायचे बरं का," ती म्हणाली, आणि एस्तेरबाईंकडे वळून हळूच बोलली, "ती रुसलेली नाय बाई. तिचे डोळे मिटतच नाय. रोज मी मिटते, मग ती तिची प्रार्थना करती. तुमची चालू द्या तुम्ही."

मला फक्त अंधार दिसत होता आणि मंदाताईच्या बोटांचा लसणाचा वास येत होता. मग एस्तेरबाईंनी प्रार्थना पुढे चालू केली, म्हणजे करायला गेल्या, पण 'हे प्रभू'च्या पुढे गेल्याच नाहीत. शेवटी पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. मंदाताईने बोटं काढली नाहीत. तिला त्यांच्या आमेनशी घेणं नव्हतं, ती माझ्या आमेनची वाट बघत होती. मी म्हटलं तेव्हा तिने हात काढला. समोर एस्तेरबाई होत्या, खाटेच्या कडेला टेकलेल्या.

"सरोज, आम्हाला वाटलं, आम्ही तुला नकोशा झालो."

मी एकच शब्द म्हणाले, आणि तो सगळ्यांना कळला. "या."

विल्सन दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. त्याला नर्सने सांगितलं होतं, त्याने मंदाताईला सांगितलं होतं, आणि बाकीच्यांनी विचारलं नाही म्हणून त्याने त्यांना सांगितलं नाही. तो आतल्या खोलीत गेला. बॅगची चेन उघडल्याचा आवाज मी ऐकला. मग कोणीतरी पंखा लावला.

त्यानंतर

त्यानंतर सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, मंदाताईने एकेकीला थेंब घालायला शिकवलं, एकीने माझ्या डोळ्यात नख घातलं. काहीजणी पुढे परत गळल्या, संसार प्रत्येकीला असतो. मी पडूनच होते. पावसाळाभर मी त्या खाटेवर होते, आणि असे दिवस आले की मंदाताईने चमचा तोंडाशी आणला तर मी तो जिभेने ढकलून द्यायचे, कारण नाही म्हणायची तेवढी एकच जागा मला उरली होती. ती पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, सांड, परत भरते. दुसऱ्याच्या हातून सगळं घ्यायचं हे फार अवघड असतं. देण्यापेक्षा अवघड. आम्हाला चर्चमध्ये द्यायला शिकवतात, घ्यायचं कोणी शिकवत नाही.

पण फिजिओची मुलगी येत राहिली. सांधे आखडले नाहीत. हात आले, मग बसणं आलं, मग एक दिवस ओठ मिटले आणि मी पहिल्यांदा विल्सनवर नीट ओरडले. तो इतका खूश झाला की सगळ्या मजल्याला सांगून आला. डावा पाय अजून ओढते. मशीनला आता मोटर बसवून घेतलीय.

कोणाच्या घरी जाल तर एवढं करा. पंखा चालू ठेवा. एकच गीत म्हणा. आणि त्या माणसाचा चेहरा तुम्हाला काही सांगत असेल तर घरच्यांना एकदा विचारून घ्या, तो खरंच ते सांगतोय का.

पापण्या कधी परत आल्या, ते नेमकं कळलंच नाही. एका दुपारी एकटी पडले होते, खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर आलं आणि अंधार झाला. मी उघडले. परत मिटले. कितीतरी वेळ नुसती उघडमीट करत राहिले, आणि रडले, आणि या वेळी ते रडणंच होतं. मग जिन्यात चपला वाजल्या. मंदाताईची थेंबांची वेळ झाली होती. पावलं दाराशी आली तशी मी डोळे पूर्ण उघडले आणि छताकडे टक लावून पडले, नेहमी पडायचे तशी.

तिने थेंब घातले. बोटं पापण्यांवर ठेवली. परत उघडायचे बरं का, म्हणाली. माझ्या पापण्या तिच्या बोटांखाली आपसूक खाली आल्या, आणि ते तिला समजलं, कारण तिची बोटं क्षणभर थांबली.

"तुझे तुलाच मिटतात की गं," ती म्हणाली.

मी प्रार्थनेला लागले. मी आमेन म्हणेपर्यंत तिने हात काढला नाही.